आक्काकडे जायची गाडी

गाडीला काहीही झालेलं नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकतो. बारा वर्षं ती मला घरून ऑफिसात आणि ऑफिसातून घरी मुकाट्याने नेत-आणत होती. तिची काही तक्रार नव्हती, माझी नव्हती. आणि तक्रार नसणं ही काय चीज आहे हे मला चांगलं कळतं, कारण मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार-खिडकीवर बसतो. नळाला पाणी येत नाही म्हणून लोक येतात, मी वहीत लिहून घेतो आणि "आठ दिवसांनी या" म्हणून सांगतो. सव्वीस वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा उच्चारलंय, की झोपेतसुद्धा मी हेच बडबडतो असं बायको म्हणते. मी झोपेत असल्यामुळे त्यावर मला काही बोलता येत नाही.

तर एका रविवारी सकाळी चहा पिता पिता बायको म्हणाली, "अहो, या उन्हाळ्यात बाबांना आत्याकडे नेऊन आणू या."

बाबा म्हणजे माझे सासरे. वय वर्षं ब्याऐंशी. दोन वर्षांपासून आमच्याकडेच असतात. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण, आक्का. ती शहाऐंशीची. डोंगरातल्या एका खेड्यात एकटी राहते, आमच्यापासून गाडीने नऊ तासांवर. सात वर्षांत बहीण-भावांची भेट नव्हती. रोज सकाळी फोनवर बोलायचे; पण दोघांनाही कमी ऐकू येत असल्यामुळे हे गुडघ्याबद्दल सांगायचे, ती विहिरीबद्दल सांगायची, आणि दोघंही समाधानाने फोन ठेवायचे. सासऱ्यांचा गुडघा बदललेला. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत आणि रेल्वे त्या गावाच्या वाटेलाच जात नाही. उरली आमची गाडी.

"नेऊ की," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारी निघू. फक्त गाडी एकदा दाखवून घेतो."

हे शेवटचं वाक्य मी का बोललो याचा मी पुढे बराच विचार केला. शहाण्या माणसासारखं काहीतरी बोलावं असं मला वर्षातून एकदोनदा वाटतं. त्यातलंच ते एक.

आमच्या गल्लीच्या टोकाला मेकॅनिकबाईंचं गॅरेज आहे. वडिलांच्या मागे त्यांनी ते चालवायला घेतलं आणि वडिलांपेक्षा चांगलं चालवलं. बोलणं मोजकं. सगळं ऐकून घेतात आणि मग एकच वाक्य बोलतात, पण ते ऐकून माणूस खाली बसतो.

"काय होतंय गाडीला?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. लांब जायचंय, म्हणून आधी दाखवून घ्यावी म्हटलं."

त्यांनी बॉनेट उघडलं, आत हात घातला, एक काळं झाकण काढलं आणि म्हणाल्या, "उंदीर पाळलेत का?"

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने घरटं केलं होतं. साधंसुधं नव्हे, कागदाच्या बारीक पट्ट्यांचं, गोल, गुबगुबीत. त्यातली एक पट्टी मी चष्मा वर करून वाचली. 'दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावे,' असं तिच्यावर छापलेलं होतं. गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक मी बारा वर्षं गाडीच्या खणात जपून ठेवलं होतं. मी ते कधी उघडलं नव्हतं. उंदराने मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नेलं होतं.

शिवाय त्याने तीन वायरी खाल्ल्या होत्या. मेकॅनिकबाईंच्या गॅरेजात एका वेळी एकच गाडी मावते आणि आत आधीच एक होती. त्यामुळे आमच्या गाडीचं काम आमच्याच इमारतीच्या अंगणात, कडेच्या झाडाखाली करायचं ठरलं. म्हणजे पडद्याआड ठेवायची गोष्ट चारचौघांत आली. आता इमारतीतल्या प्रत्येक माणसाला येता-जाता आमच्या गाडीच्या पोटात डोकावून मत देता येणार होतं.

पहिलं मत कॅप्टननी दिलं. कॅप्टन आमच्या वर राहतात. ते कुठल्याही जहाजाचे कॅप्टन नव्हते. जहाजावर धान्याचं कोठार सांभाळायचे. पण तीस वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाला इमारतीने दुसरं काय म्हणावं? वायरी जोडून झाल्याच्या दिवशी संध्याकाळी ते खाली आले, कान गाडीच्या मागच्या चाकाशी नेला आणि गंभीर झाले.

"जरा हलवा."

मी गाडी हातभर पुढे घेतली. मागून गडगड असा आवाज आला.

"ऐकलंत? या आवाजावर डोंगर चढणार तुम्ही? सासऱ्यांना घेऊन?"

मग पुढचा पाऊण तास कॅप्टन वाकून चालताहेत आणि मी त्यांच्या कानाच्या वेगाने गाडी चालवतोय, असा कार्यक्रम झाला. गॅलऱ्या भरल्या. शेवटी कॅप्टन म्हणाले, उलट्या दिशेने ऐकल्याशिवाय निदान पक्कं होणार नाही.

"या मागे... या... या... येऊ द्या... अजून आहे जागा..."

'थांबा' हा शब्द त्यांनी उच्चारला, नाही असं नाही. पण भिंतीने तो आधी उच्चारला होता.

मागचा दिवा फुटला, डिकी चेपली आणि धक्क्याने आपोआप उघडली. तिच्यातून आमचा मोठा थर्मास गडगडत बाहेर आला. हाच तो आवाज! हा थर्मास दोन वर्षांपूर्वी घरातून नाहीसा झाला होता आणि तो माझ्या बहिणीने नेला, असा बायकोचा ठाम समज होता. तिने खाली येऊन थर्मास उचलला, माझ्याकडे पाहिलं नाही आणि वर जाऊन माझ्या बहिणीला फोन लावला. दोघी तासभर हसत होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा त्या दिव्याबद्दल आणि डिकीबद्दल माझ्या मनात कॅप्टनविषयी राग नाही, उलट त्यांचे माझ्यावर उपकारच आहेत. त्या संध्याकाळी मात्र माझं मन एवढं मोठं झालं नाही. अंगणात एवढ्या लोकांसमोर "अहो, आरशात बघता येत नाही का?" असं मला विचारलं गेलं होतं, आणि विचारणारे कॅप्टन होते.

दिवा मिळायला चार दिवस लागणार होते. शनिवार हुकला. सासऱ्यांनी शुक्रवारीच बॅग भरून दारापाशी ठेवली होती. ती तिथेच राहिली. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी दाढी करून, प्रवासाचा म्हणून काढलेला इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसायला लागले. फोनवर आक्काला मोठ्याने सांगायचे, "गाडी तयार होतेय!" पलीकडून काय उत्तर यायचं कुणास ठाऊक, पण हे मान डोलवायचे.

मधल्या वेळात कागदपत्रं उरकावी म्हणून मी कागद काढले, तर धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र संपलेलं. इतकी वर्षं मी ज्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे ते काढायचो, ते गाडीकडे एकदा मायेने बघायचे आणि कागद द्यायचे. आता ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी संगणक आला होता. त्याच्यापुढे बसलेला माणूस म्हणाला, "तुमची गाडी डिझेलची आहे."

"पेट्रोलची आहे."

"इथे डिझेल दिसतंय."

"अहो, बारा वर्षं मी तिच्यात पेट्रोल घालतोय."

"मग बारा वर्षं चुकीचं घालताय," तो शांतपणे म्हणाला.

म्हणून मी वाहन नोंदणीच्या कार्यालयात गेलो. सहा नंबरच्या खिडकीशी रांगेत उभं राहताना मला कसंसंच झालं. खिडकीच्या या बाजूला मी कित्येक वर्षांत उभा नव्हतो. इथून आतला माणूस फार उंच दिसतो. आत एक बाई होत्या, चष्म्याला दोरी लावलेल्या. त्यांनी माझा अर्ज वाचला.

"इंधन बदलायचं तर गाडी तपासावी लागेल. गाडी इथे आणा."

"धुराच्या प्रमाणपत्राशिवाय रस्त्यावर आणली तर चालेल?"

"अजिबात नाही."

"मग आणू कशी?"

"आधी प्रमाणपत्र घ्या."

"ते इंधन बदलल्याशिवाय देत नाहीत."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "आठ दिवसांनी या."

मी खिडकीला धरून उभाच राहिलो. तोच सूर! शेवटच्या 'या'वर तोच हलका हेल, जणू आपण समोरच्याला जेवायला बोलावतोय. माझ्या मागचा माणूस खाकरला. मी कसाबसा म्हणालो, "बाई, माझे सासरे ब्याऐंशीचे आहेत. त्यांना बहिणीला भेटायचंय, ती शहाऐंशीची आहे. रोज इस्त्रीचा शर्ट घालून बसतात हो ते."

तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. पाहिलं ते पाहतच राहिल्या.

"तुम्ही पाणीपुरवठ्यात ना? तक्रार-खिडकी?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण अर्जावर नोकरीचा पत्ता होता.

"चार वर्षांपूर्वी आमच्या इमारतीला पाणी नव्हतं," बाई म्हणाल्या. "तीनदा आले होते मी. तिन्ही वेळा तुम्ही मला आठ दिवसांनी बोलावलंत."

मागची रांग आता मन लावून ऐकत होती.

"मग... आलं का पाणी?" मी विचारलं.

"आलं. तिसऱ्या खेपेला माझ्याबरोबर सासूबाई होत्या, त्यांना धाप लागली होती. तुम्ही उठून त्यांना तुमची खुर्ची दिलीत आणि दुपारी स्वतः माणूस घेऊन आलात. वाल्व गंजला होता. तुम्हाला आठवत नसेल."

मला खरंच आठवत नव्हतं. लोकांनी ऐकवलेले अपमान मला तारीखवार पाठ आहेत. पण असलं काही आपण केलंय, हे दुसऱ्याने सांगेपर्यंत ध्यानात नव्हतं. बाईंनी माझा अर्ज बाजूला काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या फाइल घेऊन रिक्षाने आमच्या अंगणात आल्या. गाडी तीन चाकांवर आणि एका जॅकवर उभी होती. त्यांनी इंजिनाचा नंबर ताडून पाहिला, टाकीचं झाकण उघडायला लावलं, वाकून हुंगलं आणि फाइलवर लिहिलं, 'प्रत्यक्ष तपासणी केली. पेट्रोल.' सही केली, माझ्या सासऱ्यांना खिडकीत बघून नमस्कार केला आणि चहासुद्धा न घेता गेल्या. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. त्या दिवसापासून माझ्या खिडकीवर मी 'आठ दिवसांनी या' म्हणायचं सोडलं आहे. 'पाच' म्हणतो, आणि नंतर एकदा आतून चौकशी करतो.

कागद झाले, दिवा बसला. आणि मग गाडीला वास यायला लागला.

समोरच्या घरात राहणाऱ्या डेंटिस्टबाई रोज गाडीवरून जाता-येता नाक मुरडायच्या. एका सकाळी त्या थांबल्या, पिशवीतून आपली छोटी बॅटरी काढली, गाडीचं दार उघडून आत प्रकाश टाकला आणि मला म्हणाल्या, "मुळाशी कुजलंय. वरवर अत्तर मारून उपयोग नाही. काढावं लागेल."

मी नकळत गालावर हात ठेवला.

मेकॅनिकबाईंनी मागची अख्खी सीट उपटून काढली. खाली उंदराचं कोठार होतं. बिस्किटं, साबणाचा तुकडा, माझा एक मोजा, आणि माहितीपुस्तकाचं मुखपृष्ठ. सीट धुवून, घासून, झाडाखाली विटांवर सुकत ठेवली. तो एकोणिसावा दिवस होता. गाडीची चारही चाकं आता बाहेर होती, कारण ती काढलीच आहेत तर ब्रेकही बघून घेऊ, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते विचारू नका. अंगणात जमलेल्या सहा जणांनी ठरवलं आणि त्यांत मी नव्हतो.

सासरे काठी टेकत टेकत खाली आले. उघड्या पडलेल्या गाडीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग त्या सीटवर जाऊन बसले. मी शेजारी बसलो.

"बाबा, चारच दिवस," मी म्हणालो.

"तुम्ही खूप करताय, जावईबापू," ते म्हणाले. "दिसतंय मला. पण आक्का शहाऐंशीची. मी ब्याऐंशीचा. ही गाडी बारा वर्षांची. तिघांपैकी कुणाचं कधी काय निकामी होईल, कसं सांगावं?"

मी उठून बायकोला सांगायला वर गेलो, की दुसऱ्या कुणाची गाडी मागून बघू. आणि जिन्यातच होतो तेव्हा अंगणाबाहेर हॉर्न वाजला.

शाळेची बाकं लादलेला एक टेंपो उभा होता. ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर गाठोडं घेऊन, एक बारीकशी म्हातारी ताठ बसलेली. डेंटिस्टबाई टेंपोच्या पुढे चालत वाट दाखवत होत्या. आक्काकडे आमचा पत्ता नव्हताच, फोनवर ऐकलेलं चौकाचं नाव तेवढं होतं. चौकात येऊन तिने विचारलं होतं, "इथे ती गाडी कुणाची तयार होतेय?" आणि निदान चार माणसांनी एकदम आमच्या इमारतीकडे बोट दाखवलं होतं.

ड्रायव्हरने तिला अलगद खाली उतरवलं. बायको "आत्या!" करत जिना उतरून धावली. आक्काने तिचा गाल कुरवाळला, मग नजर फिरवली, विनाचाकाच्या गाडीवर क्षणभर थांबवली आणि म्हणाली, "तुमचं चालू द्या. म्हटलं, गाडी तयार होतेय तोवर मी येऊन जाते."

सासऱ्यांनी उठायचा प्रयत्न केला. गुडघ्याने ऐकलं नाही.

"बस, बाळू, बस," ती म्हणाली. ब्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाला बाळू म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं. ती त्याच्याशेजारी त्या सीटवर बसली. त्याचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, जणू नीट परत आलाय ना याची खात्री करत होती. त्यांचा इस्त्रीचा शर्ट तिने खांद्यावर सारखा केला.

"गुडघा कसाय?" तिने विचारलं.

"विहिरीला पाणी आहे का?" त्यांनी विचारलं.

कॅप्टन वर गेले आणि मोठी काळी छत्री घेऊन आले. ऊन सरकत होतं, म्हणून ती त्यांनी सीटमागे खोचून उभी केली. डेंटिस्टबाईंनी दवाखाना अर्धा तास उशिरा उघडला. बायकोने तिथेच ताटं आणली. दोघं तिथेच जेवली, तिथेच बसल्या बसल्या पेंगली आणि जागी होऊन पुन्हा बोलायला लागली. कान जवळ असले की दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

चार वाजता मेकॅनिकबाईंनी हात पुसले, चाकं बसवली, गाडी चालू करून बघितली आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"झाली गाडी. सीट द्या, बसवून टाकते."

एकोणीस दिवस हेच ऐकायला मी दिवसातून तीन-तीनदा त्यांच्या गॅरेजात डोकावत होतो.

"राहू द्या," मी म्हणालो. "उद्या या."

त्यांनी वळून झाडाखाली पाहिलं. मग हातातला पाना पेटीत ठेवला, पेटीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा असेल तर घेईन." कामाव्यतिरिक्त वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

आक्का आमच्याकडे आठ दिवस राहिली. मग रविवारी पहाटे आम्ही तिघं तिला पोचवायला निघालो. निरोपाला अख्खी इमारत खाली. कॅप्टननी मला दोर, बॅटरी आणि 'शांत राहा' असा सल्ला दिला. मेकॅनिकबाई येऊन चारही चाकांना एकेकदा हात लावून गेल्या. आणि सांगायला हवं, की वाटेत काहीही झालं नाही. नऊ तास गाडी एखाद्या आज्ञाधारक मुलीसारखी चालली. घाट चढताना मागे दोघं गाणं म्हणत होती. एक एका कडव्यात, दुसरा दुसऱ्याच. मी आरशात बघत होतो. बायकोने माझ्या हातावर थोपटून मला रस्त्याकडे बघायला लावलं.

संध्याकाळी आक्काच्या ओट्यावर बसून मी सगळ्यांचे मनातल्या मनात आभार मानले. कॅप्टनचे, दोरीच्या चष्म्याच्या बाईंचे, डेंटिस्टबाईंचे, टेंपोवाल्याचे आणि बरंच मन घट्ट करून उंदराचेही. त्याने वायरी खाल्ल्या नसत्या तर आम्ही पहिल्याच शनिवारी येऊन, दोन दिवस राहून परत फिरलो असतो.

दोन दिवसांनी निघायची वेळ झाली. सासऱ्यांनी बॅग भरली नव्हती. ते ओट्यावर आक्काच्या शेजारी बसून शेंगा सोलत होते, आणि अंगात घरातला साधा सदरा होता.

"बाबा, मग तुम्हाला न्यायला कधी येऊ?" मी विचारलं.

त्यांनी आक्काकडे पाहिलं. आक्काने शेंगांकडे.

"अजिबात घाई करू नका, जावईबापू," ते म्हणाले. "आधी गाडी अगदी नीट तयार करून घ्या."